ढाल टाकून आलेला कवी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



इ. स. पू. ४२ च्या ऑक्टोबर महिन्यात मॅसिडोनियातील फिलिपाय येथे दोन लढाया झाल्या आणि रोमच्या प्रजासत्ताकाची उरलीसुरली आशा संपली. एका बाजूला सीझरचे मारेकरी ब्रूटस व कॅशियस, दुसऱ्या बाजूला अँटनी आणि पुढे ऑगस्टस या नावाने सम्राट झालेला ऑक्टेव्हियन. पहिल्या लढाईत कॅशियसने स्वतःचा अंत करवून घेतला, दुसरीनंतर ब्रूटसने. त्या पराभूत सैन्यात बावीस वर्षांचा एक अधिकारी होता. तो मेला नाही, पळाला. आणि पळताना हातातली लहानशी ढाल मागे टाकून आला. ही गोष्ट कोणा शत्रूने उजेडात आणलेली नाही. लॅटिन भाषेचा थोर कवी म्हणून पुढे दोन हजार वर्षे ज्याचे नाव राहिले, त्या होरेसने ती स्वतःच आपल्या कवितेत लिहून ठेवली आहे.

रोमन कवींनी धैर्याविषयी आणि चांगल्या जगण्याविषयी काय सांगितले, याचा विचार या टाकलेल्या ढालीपासून सुरू करणे योग्य ठरेल. त्या कवींची वचने पुढील काळात राजवाड्यांच्या, शाळांच्या आणि लष्करी छावण्यांच्या भिंतींवर कोरली गेली. भिंतीवर चढलेल्या वचनाचा कवीच्या आयुष्याशी असलेला संबंध तुटतो, आणि मग ते कोणालाही कशासाठीही वापरता येते. होरेसच्या बाबतीत नेमके हेच घडले.

त्याचा जन्म इ. स. पू. ६५ च्या डिसेंबरात, दक्षिण इटलीतील व्हेनुशिया या गावी झाला. बाप मुक्त केलेला गुलाम. लहानसे, रोड जमिनीचे शेत, आणि लिलावातील पैसे गोळा करण्याचा धंदा. गावच्या शाळेत फौजी अधिकाऱ्यांची पोरे जात. तेथे मुलाला न घालता या माणसाने त्याला थेट रोमला नेले. श्रीमंतांच्या मुलांना शाळेत पोचविण्यासाठी गुलाम असत; होरेसला पोचवावयास बाप स्वतः जाई व शिक्षकांच्या वर्गात स्वतः बसे. पुढे अथेन्सला उच्च शिक्षण झाले, आणि तेथेच ब्रूटसने त्याला आपल्या सैन्यात घेऊन अधिकाराची जागा दिली. गुलामाच्या पोराने रोमन पलटणीवर हुकूम चालवावा, याचा कुलीनांना किती राग आला हे त्याने स्वतःच नमूद केले आहे.

ज्या प्रजासत्ताकासाठी तो लढला, ते काही लोकराज्य नव्हते. जमीनदार सरदार घराण्यांनी आपसांत वाटून घेतलेली ती सत्ता होती, आणि ब्रूटस हा कर्जबाजारी शहरांकडून जबर व्याज वसूल करणारा सावकारही होता. तथापि एका माणसाच्या हाती सर्व सत्ता जाऊ नये, या आग्रहाला स्वतःचे मोल आहे. आणि जो पोरगा त्या बाजूने उभा राहिला, तो विजयी होणाऱ्याचा अंदाज घेऊन उभा राहिला नव्हता.

पराभवानंतर क्षमादान मिळून तो परतला तेव्हा बाप हयात नव्हता आणि शेतही गेले होते. विजेत्यांनी आपल्या सैनिकांना वाटण्यासाठी इटलीतील ज्या गावांच्या जमिनी हेरून ठेवल्या होत्या, त्यांत व्हेनुशियाचे नाव आहे. होरेसने सरकारी तिजोरीच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळविली आणि तो कविता लिहू लागला. दारिद्र्याने आपल्याला कवितेकडे ढकलले, असे त्याचे स्वतःचे सांगणे आहे.

ढालीची कबुली ज्या कवितेत आहे, ती कोणाला उद्देशून आहे हे फारसे सांगितले जात नाही. ती पाँपेयस नावाच्या जुन्या सोबत्याला उद्देशून आहे. दोघे ब्रूटसच्या सैन्यात एकत्र होते. होरेसने युद्ध सोडले; पाँपेयसला मात्र लाटेने पुन्हा युद्धात ओढून नेले आणि अनेक वर्षांनी तो घरी परतला. त्याचे स्वागत करताना होरेस सांगतो की तू लढत राहिलास, मी ढाल टाकून निसटलो. आणि वर थट्टेने असेही की देवाने मला धुक्यात लपवून बाहेर काढले. ग्रीक कवी आर्किलोकसने त्यापूर्वी सहाशे वर्षे अशीच कबुली दिली होती, म्हणून ही केवळ काव्यातील रूढी होय, असे काही पंडित मानतात. रूढी असेलही. परंतु जो सोबती मागे हटला नाही त्याच्यासमोर, आणि ज्याच्याविरुद्ध दोघे लढले तोच सम्राट गादीवर असताना, आपण एका बाजूचे होतो आणि मी पळालो, हे लेखी म्हणणे सोपे नसते. पराभव पाहिलेल्या कोणत्याही चळवळीतील माणसांना हे निराळे समजावून देण्याची गरज नाही.

आता भिंतीकडे वळू. याच होरेसच्या तिसऱ्या ओडसंग्रहात, देशासाठी येणाऱ्या मरणाचा गौरव करणारी एक ओळ आहे. युरोपच्या शाळांतून ती शतकानुशतके घोकली गेली. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातील प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर ती १९१३ मध्ये कोरण्यात आली. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. विल्फ्रेड ओवेन या तरुण इंग्रज कवीने विषारी वायूने तडफडून मरणाऱ्या सैनिकाचे चित्र १९१७ मध्ये कवितेत उभे केले व होरेसच्या त्या ओळीला उघडउघड खोटे ठरविले. ओवेन स्वतः १९१८ च्या ४ नोव्हेंबरला, युद्ध थांबण्यास एक आठवडा उरला असताना मारला गेला. तिकडे जर्मनीत, ऑग्सबर्गच्या शाळेत बर्टोल्ट ब्रेख्त नावाच्या विद्यार्थ्याला याच ओळीवर निबंध लिहावयास सांगण्यात आले. हे उदात्त वचन लिहिणारा दरबारी कवी स्वतः फिलिपायला पळाला होता, याची आठवण त्याने निबंधात करून दिली. त्याच्या शाळासोबत्याने सांगितल्याप्रमाणे, शाळेतून काढून टाकण्यापर्यंत पाळी आली आणि एका शिक्षकाच्या रदबदलीने तो वाचला.

शाळकरी ब्रेख्तचा टोला अचूक होता, परंतु तो होरेसपेक्षा भिंतीवर कोरणाऱ्यांना अधिक लागतो. त्याच ओडमध्ये लगेच पुढे म्हटले आहे की मृत्यू पळणाऱ्याचाही पाठलाग करतो, भेदरलेल्या तरुणाच्या पाठीवर दया करीत नाही. हे लिहिणाऱ्याच्या पाठीवर मृत्यूने दया केली होती, आणि हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? भिंतीवर एवढा मजकूर मावत नाही. ब्रेख्तचेही पुढे होरेसशी भांडण तसेच राहिले नाही. १९५३ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर, त्याने होरेस वाचण्याविषयी एक छोटी कविता लिहिली. तीत शाळेतला उपहास नाही.

होरेसच्या दृष्टीने धैर्य म्हणजे काय? ऑगस्टसच्या राज्यात राहून तो कॅटोच्या मरणाची थोरवी गातो. कॅटो हा सीझरपुढे मान तुकविण्याऐवजी इ. स. पू. ४६ मध्ये उटिका येथे स्वतःचा प्राण घेणारा प्रजासत्ताकवादी. क्लिओपात्रेच्या पराभवावरची त्याची कविता विजयाच्या जल्लोषाने सुरू होते, शत्रुराणीला शिव्याशाप देते आणि अखेरीस तिच्याच निर्भयतेपुढे नतमस्तक होते. विजयाच्या मिरवणुकीत बंदिवान म्हणून चालण्यास नकार देणारी राणी हीच तिथे शेवटी उरते. एका ओडमध्ये त्याने न्याय्य हेतूला चिकटून राहणाऱ्या माणसाचे चित्र रेखाटले आहे: खवळलेला जमाव त्याला हलवू शकत नाही आणि जुलमी सत्ताधीशाची नजरही नाही. दुर्दैवाने त्याच कवितेत, थोड्याच ओळींनंतर, ऑगस्टस देवांच्या पंगतीत अमृत पिताना दिसतो. पुढे इ. स. पू. १७ मध्ये सरकारी महोत्सवासाठी स्तोत्र लिहून देण्याचे कामही त्याने केले. दरबाराने त्याच्याकडून जे वसूल केले ते केलेच.

तरीही सगळे वसूल करता आले नाही. ऑगस्टसला आपल्या खाजगी पत्रव्यवहारासाठी होरेस हवा होता. साम्राज्यात याहून वरची चाकरी मिळणे कठीण. होरेसने नकार दिला, आणि सम्राटाने राग धरला नाही, असे चरित्रकार सूएटोनिअस सांगतो. त्याचा आश्रयदाता मायसीनस हा सम्राटाचा जिवलग सल्लागार. त्याच्याच कृपेने होरेसला रोमच्या ईशान्येस डोंगराळ सबाइन प्रदेशात एक शेत मिळाले होते. एका उन्हाळ्यात पाच दिवसांत परततो असे सांगून गेलेला कवी महिनाभर आलाच नाही आणि मायसीनसने तक्रार केली. तेव्हा होरेसने पाठविलेले पद्यमय पत्र प्रत्येक राजकीय कार्यकर्त्याने वाचावे असे आहे.

त्यात दोन गोष्टी आहेत. एक भुकेला कोल्हा फटीतून धान्याच्या कणगीत शिरतो, पोट भरतो आणि फुगलेल्या पोटामुळे त्याला बाहेर पडता येत नाही. मुंगूस दुरून सांगते: रोड होऊन आत गेलास, तसाच रोड होऊन बाहेर ये. ही गोष्ट मला लागू असेल तर मिळालेले सारे परत करतो, असे होरेस आश्रयदात्याला शांतपणे कळवितो. दुसरी गोष्ट मेना नावाच्या लिलाववाल्याची. रिकाम्या न्हाव्याच्या दुकानात बसून हा आपला आपण नखे साफ करीत होता. फिलिपस नावाच्या नामांकित वकिलाला या निवांत माणसाचे कौतुक वाटले. त्याने जेवणाचे आमंत्रण दिले, मेनाने ते नाकारले. पुन्हा दिले, तेव्हा तो गेला. पुढे रोज जाऊ लागला. मग मौजेखातर फिलिपसने त्याला सात हजार सेस्टर्स भेट व सात हजार कर्ज देऊन शेत घ्यावयास लावले. मेंढ्या चोरीस गेल्या, शेळ्या रोगाने मेल्या, पीक बुडाले, बैल नांगराखाली मेला. मध्यरात्री घोड्यावर बसून, दाढी वाढलेला मेना धन्याच्या दारी आला आणि म्हणाला की मला माझ्या जुन्या जिण्यात परत नेऊन सोडा.

होरेसचा नकार संन्याशाचा नव्हे. त्याला चांगली दारू, सावली, मित्र आणि जेवण प्रिय होते. त्याचा हिशेब वेगळाच आहे: माझ्याजवळ जे आहे ते उद्या हिरावले तर मी काय करीन, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी तयार असते, त्याला धमकी देता येत नाही. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत, १८६७ मध्ये, इंग्लंडच्या कामगारांची दैना वाचून खांदे उडविणाऱ्या जर्मन वाचकांना ही गोष्ट तुमचीच आहे असे बजावताना ज्या लॅटिन शब्दांचा आधार घेतला, ते होरेसच्याच पहिल्या उपरोधिकेतले आहेत. त्या उपरोधिकेचा विषय पैसा साठवीत बसणाऱ्या माणसाची भीती हा आहे.

भीतीचे मूळ त्याच्याही आधी ल्युक्रीशिअसने शोधले होते. विश्व, अणू आणि मृत्यू यांवरील त्याचे दीर्घकाव्य इ. स. पू. पहिल्या शतकाच्या मध्यास रचले गेले. धनाची हाव आणि सत्तेची आंधळी ओढ यांना मृत्यूचे भय खतपाणी घालते, हे त्याचे निदान आहे. दारिद्र्य आणि अपमान हे माणसाला मृत्यूच्या उंबरठ्यासारखे वाटतात. त्यांपासून पळता पळता तो भाऊबंदांच्या रक्तातून संपत्ती उभारतो. मार्क्सचा १८४१ चा प्रबंध डेमोक्रिटस व एपिक्युरस यांच्या निसर्गविचारावर आहे, आणि त्यात एपिक्युरसला खरोखर समजलेला प्राचीनांतील एकमेव माणूस म्हणून त्याने ल्युक्रीशिअसचा मान राखला आहे.

होरेसची दिवस हाती घेण्याविषयीची प्रसिद्ध ओळ याच परंपरेतली आहे. आज ती पेयांच्या बाटल्यांवर आणि सहलींच्या जाहिरातींत चैन करा अशा अर्थाने छापली जाते. मूळ कविता एका स्त्रीला उद्देशून आहे. आपण किती वर्षे जगणार हे ती बॅबिलोनच्या ज्योतिषांच्या आकड्यांवरून काढू पाहते आहे. कवी तिला तो नाद सोडावयास सांगतो. तेथील क्रियापद फळ खुडण्याचे आहे, लुटण्याचे नव्हे.

या शहाणपणाला एक दार बंद आहे. ते दार होरेसने स्वतःच, बहुधा नकळत, दाखवून दिले. डिसेंबरातील सॅटर्नेलिया या सणात गुलामांना काही दिवस मोकळेपणे बोलण्याची मुभा असे. त्या निमित्ताने लिहिलेल्या एका उपरोधिकेत होरेसचा गुलाम डाव्हस धन्याची खरडपट्टी काढतो. शहरात असलास की खेड्याचे गोडवे गातोस, खेड्यात गेलास की शहरासाठी झुरतोस. जेवायला कोणी बोलावले नाही तर साध्या भाजीची थोरवी सांगतोस. आणि मायसीनसचे उशिरा आमंत्रण आले, की दिव्याचे तेल कुठे आहे म्हणून आरडाओरड करीत धावत सुटतोस. दुसऱ्याच्या दोऱ्यांनी हलणारी लाकडी बाहुली तू. मग आपणा दोघांत गुलाम कोण? दारिद्र्य, मरण आणि बेड्या ज्याला भेडसावीत नाहीत तोच मोकळा. धनी संतापतो, दगड शोधतो, बाण शोधतो, आणि शेवटी धमकावतो: चालता हो, नाही तर सबाइनच्या शेतावर नववा मजूर म्हणून पाठवीन.

नववा, म्हणजे आठ गुलाम तेथे आधीच राबत होते. निवांत जगण्याचे, थोडक्यात समाधान मानण्याचे, सम्राटाला नाही म्हणण्याचे बळ ज्या शेताने कवीला दिले, त्या शेतावर आठ माणसे नाही म्हणू शकत नव्हती. शिवाय पाच कुळे होती. हे लिहिणारा गुलामाचा मुलगा होता! डाव्हसच्या तोंडी त्याने स्वतःविरुद्ध इतके खरे बोल घातले, हा त्याचा प्रामाणिकपणा. आणि धन्याच्या शेवटच्या धमकीने श्रोते हसतील अशी खात्री त्याला होती, हे त्याच्या काळाचे वास्तव. बेड्यांना न भिणारा तो मोकळा, हे स्टोइकांचे तत्त्व धन्यालाही सोयीचे पडते, कारण त्यात बेड्या जागच्या जागी राहतात.

त्या बेड्या तोडू पाहणारे धैर्यही त्याच मातीत होते. स्पार्टाकसचा उठाव इ. स. पू. ७३ ते ७१ या काळातला; होरेसच्या जन्मापूर्वी सहा वर्षे तो चिरडला गेला. कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेला सहा हजार गुलामांना क्रुसावर चढविण्यात आले. हाच रस्ता पुढे दक्षिणेस व्हेनुशियावरून जातो. गुलामगिरीत दिवस काढलेल्या बापाने त्या क्रुसांविषयी मुलाला काही सांगितले असेल काय? कवितेत त्याचा मागमूस नाही. स्पार्टाकसचा उल्लेख होरेस करतो तो एकदा देशाच्या शत्रूंच्या यादीत, आणि एकदा त्याच्या टोळ्यांच्या तावडीतून जुन्या दारूचा एखादा रांजण वाचला आहे का, हे विचारताना. मार्क्सने १८६१ च्या फेब्रुवारीत एंगल्सला लिहिलेल्या पत्रात, ॲपियनचा इतिहास वाचताना, प्राचीन इतिहासातील सर्वांत तेजस्वी माणूस म्हणून या स्पार्टाकसला निवडले. लॅटिन काव्यावर प्रेम करणाऱ्या मार्क्सला हा नायक काव्यात मिळाला नाही, इतिहासात शोधावा लागला.

होरेसनंतर सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांनी जूव्हेनल आला. निरोगी मन व निरोगी शरीर यांविषयीची त्याची अर्धी ओळ व्यायामशाळांच्या पाट्यांवर गेली; उरलेला भाग, ज्यात मरणाला न भिणारे मन देवाकडे मागावे असे तो सांगतो, तो पाटीवर आला नाही. त्याच कवितेत सेजेनसचे पतन आहे. टायबीरिअस सम्राटाचा हा सर्वशक्तिमान हस्तक इ. स. ३१ मध्ये एका पत्राने कोसळला. त्याचे पुतळे वितळवून तवे, बादल्या आणि घागरी केल्या जातात. प्रेत ओढले जात असताना लोक म्हणतात की हा मला कधीच आवडला नव्हता. आरोप काय, साक्षीदार कोण, असे कोणी विचारले तर उत्तर मिळते की काप्रीहून एक लांबलचक पत्र आले आहे. बस्स, तेवढे पुरते. आणि दैवाने सेजेनसला साथ दिली असती, तर हाच जमाव त्याला सम्राट म्हणून जयघोष करता. सत्तेभोवतीच्या गर्दीचे इतके निर्दय वर्णन क्वचितच झाले असेल.

तेथेच भाकरी आणि खेळ एवढ्या दोनच गोष्टींसाठी आसुसलेल्या जनतेचा प्रसिद्ध धिक्कार येतो. समाजवादी वाचकाने मात्र येथे थांबून विचार करावयास हवा. रोमन जनतेने आपली मते विकावयाचे सोडून दिल्यापासून तिने राज्याची चिंता टाकली, असे जूव्हेनल उपरोधाने म्हणतो. वस्तुतः मते टाकली गेली नाहीत, काढून घेण्यात आली. इ. स. १४ मध्ये, टायबीरिअस गादीवर येताच, अधिकाऱ्यांची निवडणूक लोकसभेकडून सिनेटकडे गेली. आणि ज्या धान्याला कवी हिणवतो, ते गायस ग्रॅकसने इ. स. पू. १२३ मध्ये कायदा करून स्वस्त दरात देवविले होते. दोन वर्षांनी त्या कायद्याचा कर्ता उमरावांच्या हल्ल्यात मरण पावला. धान्य हा लोकांनी झगडून मिळविलेला हक्क होता. निर्णयाचा अधिकार हिरावला गेल्यावर त्याची भीक झाली. भुकेल्याला लाचार म्हणणारा कवी कितीही थोर असला, तरी त्याचे हे म्हणणे तपासल्यावाचून स्वीकारता येत नाही.

होरेसकडे परतावयाचे ते त्याच्या पत्रांच्या पहिल्या पुस्तकाकडे. शहाणे होण्याचे धाडस करा, असा जो संदेश कांटने १७८४ मध्ये प्रबोधनयुगाचे ब्रीद म्हणून उचलला, तो याच पुस्तकातील एका तरुणाला लिहिलेल्या पत्रात आहे. कांटने दोन शब्द घेतले. त्यांच्या शेजारीच नदीच्या काठी उभा असलेला एक अडाणी शेतकरी आहे. नदी वाहून संपली की पलीकडे जाऊ, म्हणून तो वाट पाहत थांबला आहे, आणि नदी वाहतेच आहे.

त्याच पुस्तकाच्या अखेरच्या कवितेत होरेस आपल्या ग्रंथाशीच बोलतो. ग्रंथ जणू घरातला एक तरुण गुलाम आहे आणि तो बाजारात जावयास उतावीळ झाला आहे. जा, असे कवी म्हणतो. काही दिवस कौतुक होईल, मग हाताळून मळशील, आणि म्हातारपणी गल्लीच्या कोपऱ्यावर पोरांना अक्षरे शिकवीत बसशील. ऐकणारे जमले की त्यांना माझ्याविषयी सांग: मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा, घरची गरिबी, घरट्याच्या मानाने पंख मोठे पसरले. अंगाने ठेंगणा, केस अकाली पिकलेले, लवकर रागावणारा आणि लवकर निवळणारा, वयाचे चव्वेचाळीस डिसेंबर पुरे झालेला. आणि असेही सांग की नगरातील अग्रगण्य माणसांच्या पसंतीस तो उतरला, युद्धात आणि शांततेतही. शांततेतली माणसे कोण होती हे रोममध्ये सर्वांस ठाऊक होते. युद्धात ज्याच्या हाताखाली तो लढला, तो सेनापती ब्रूटस होता.